इंजिनाच्या कपाळावरचा शेंदूर

आमच्या संग्रहालयात शाळेच्या सहली आल्या की मुलांना मी ठरलेल्या क्रमानं फिरवत असे. आधी कापसाचं बोंड, मग रेची, मग पिंजण, मग चरखा आणि शेवटी हातमाग. रेची म्हणजे हातानं फिरवायचा लाकडी साचा. एका बाजूनं कापूस घातला की सरकी अलीकडे पडते आणि रुई पलीकडे निघते. मुलांची गर्दी तिथेच व्हायची, कारण सगळ्या दालनात फक्त तिलाच हात लावायची परवानगी होती.

एकदा पुलगावकडच्या एका शाळेतली मुलगी रेचीचा दांडा फिरवता फिरवता म्हणाली, "बाई, आमचा कापूस तं बंडीत भरून जिनात नेते. हे कोण फिरवते?"

"आता कोणीच नाही."

"मंग बंद काऊन पडलं?"

उत्तर मला येत होतं. जिनिंगचे कारखाने आले, त्यांत वाफेची इंजिनं आली, एका इंजिनाच्या जोरावर ओळीनं साचे फिरू लागले आणि रेच्या माळ्यावर गेल्या. पण हे सांगताना बोट दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. आमच्या दालनात रेचीनंतर सरळ पिंजण होतं. मधल्या काळात वर्धा जिल्ह्यात जणू काही घडलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मी 'संग्रहात नसलेल्या वस्तू' अशी एक यादी सुरू केली. पहिली नोंद वाफेचं इंजिन, दुसरी पेट्रोलचं इंजिन. या दोन नोंदींनी माझी पुढची कितीतरी वर्षं खाल्ली.

संग्रहालय तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, वर्ध्याहून सेवाग्रामला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, एका लांब कौलारू इमारतीत होतं. नोंदणी, लेबलं, कुलपं, किल्ल्या आणि वाळवी ही खाती माझ्याकडे. वर समिती. समितीत सगळी खादी घालणारी, पहाटे उठणारी, स्वतःचं ताट स्वतः घासणारी वडीलधारी मंडळी. अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. दर शनिवारी श्रमदान असायचं. भाऊंपासून चौकीदारापर्यंत सगळे झाडू, फडकी, चिंच आणि विटेची पूड घेऊन उतरायचे. संग्रहातली पितळी भांडी अशी लखलखायची की पाहुणे विचारायचे, ही जुनी आहेत ना नक्की? मी तेव्हा ते कौतुक समजून घेत असे.

इंजिनांचा विषय मी बैठकीत मांडला.

"रेचीच्या शेजारी इंजिन?" भाऊ म्हणाले. "ज्यानं हिची भाकरी हिसकावली, त्यालाच हिच्या मांडीला मांडी लावून बसवायचं?"

"म्हणूनच बसवायचं, भाऊ. नाहीतर हिचं काय झालं ते मुलांना कळणार कसं?"

आर्वीकडे संत्र्याचा बगीचा असलेले एक सदस्य होते, त्यांना हसू आलं. "वाफेचं इंजन पाहाचं असन तं पुलगावले जा म्हना. आर्वीची छोटी गाडी रोज फुकट दाखवून राह्यली. वरतून धूरबी देते."

बैठकीतून हाती लागलं ते एवढंच: आधी पेट्रोलचं एखादं छोटं इंजिन आणा, त्याला जागा कमी लागते. वाफेचं मग बघू.

पेट्रोलचं इंजिन मला फार शोधावं लागलं नाही. जत्रांमधून तंबूतला सिनेमा दाखवणाऱ्या एका गृहस्थानं धंदा बंद केला होता. गावात वीज नसायची, तेव्हा हे इंजिन तंबूमागे डायनामो फिरवायचं आणि त्यावर सिनेमा चालायचा. दोन माणसांनी उचलावं एवढं ते इंजिन. टाकीवर कुणा रंगाऱ्यानं मोरांची जोडी काढलेली, एका मोराचा पिसारा पेट्रोल सांडून सांडून पुसट झालेला. गृहस्थांनी ते आनंदानं दिलं, वर बसल्या बसल्या सगळी माहितीही सांगितली. मी लेबल लिहिलं, लाकडी चौथरा करून घेतला, इंजिन दालनात बसवलं. दोरी गुंडाळून ओढली की ते अजून धडधडत सुरू व्हायचं. हाच त्याचा दोष.

त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. संत्र्याच्या बगीच्याचे सदस्य एक दिवस बंडी घेऊनच आले.

"बाई, आठ दिवसायसाठी इंजन न्याचं होतं. पंपाले लावतो."

"ते नोंदवहीत चढलंय. आता ती संग्रहातली वस्तू आहे."

"वस्तू काय जी! तिकडं झाडं वाळून राह्यली अन् हे इथं जावयासारखं बसलं. चालते ना थे?"

"चालतं म्हणूनच तर ठेवलंय."

"चालते म्हनूनच तं न्याचं हाय."

भाऊंनी परवानगी दिली. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. वाळत्या झाडांसमोर नोंदवही उघडून उभं राहायची माझीही हिंमत नव्हती. पण आठ दिवसांचा पावसाळा झाला आणि पावसाळ्याचा पुढचा उन्हाळा. मी 'बाहेर दिलेल्या वस्तू' या पानावर दर महिन्याला तीच ओळ पुन्हा लिहीत होते. इंजिन परत आलं ते तिसऱ्या वर्षी, नव्या हिरव्या रंगात. टाकी नवी, कार्बोरेटर नवं, मॅग्नेटोही नवा.

"पाहा बाई," सदस्य म्हणाले, "पयले तीनदा दोरी ओढा लागे. आता एका झटक्यात सुरू होते."

"मोरांची टाकी कुठाय?"

"गळत होती ना जी. कबाड्यात देऊन टाकली."

ते शाबासकीच्या अपेक्षेनं माझ्याकडे बघत होते. त्यांनी नागपूरला खेपा घालून एकेक भाग आणला होता, आणि मला त्यांच्याशी भांडताही येईना. मूळ इंजिनाचं म्हणावं असं फक्त बिडाचं धड उरलं होतं. मी लेबल काढून टेबलाच्या खणात ठेवलं. त्यावर लिहिलेलं आता काहीच खरं नव्हतं.

या प्रकारानंतर मी समितीसमोर एक नियम ठेवला. त्याला दुसरंही कारण होतं. लोक घरातले फुटके कंदील आणि मोडक्या खाटा 'पुरातन' म्हणून आमच्या दारात आणून टाकायचे. नियम असा: वस्तूचं नाव, गाव आणि काळ या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी पुराव्यासह कळल्या तरच ती कायम नोंदवहीत जाईल. नाव म्हणजे ती कुणी बनवली, गाव म्हणजे ती कुठे वापरली, काळ म्हणजे केव्हाची. तोवर ती तात्पुरत्या यादीत राहील. वर्षभरात पुरावा मिळाला नाही तर समिती तिची विल्हेवाट लावील. माझी एखादी सूचना समितीनं विनाचर्चा मंजूर केली अशी ती एकच वेळ.

वाफेच्या इंजिनाची बातमी घेऊन मिस्त्री स्वतः आले. सत्तरचं दशक तेव्हा संपत आलं होतं. मिस्त्री म्हणजे आर्वीच्या एका जिनातले जुने इंजिन ड्रायव्हर. पांढऱ्या मिशा, डोक्याला टॉवेल, आवाज मोठा. आयुष्यभर इंजिनाच्या धडधडीवर आवाज चढवून बोललेल्या माणसाचा. एसटीतून उतरून ते थेट माझ्या टेबलाशी आले.

"तुमी इंजन शोधून राह्यल्या म्हनते. आमच्या बगीचेवाल्यानं सांगतलं."

जिनात विजेच्या मोटारी येऊन बरीच वर्षं झाली होती. इंजिन मागच्या शेडमध्ये नुसतं उभं होतं. आता मालकाला ती शेड सरकी भरायला हवी होती. भंगारवाला बघून गेला होता. तो इंजिन जागेवरच गॅसनं कापून नेणार होता.

"कापते म्हने त्याले," मिस्त्री म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "बाई, म्या त्याच्यावर लगन होयाच्या आंधीपासून काम केलं."

मी दुसऱ्याच दिवशी आर्वीला गेले. शेडमध्ये अंधार होता, डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसलं ते आडवं बॉयलर, त्याच्या पाठीवर मोठं चाक, मागे दुमडून ठेवता येईल असं धुराडं, खाली चार लोखंडी चाकं. मी त्याच्याभोवती फिरले तेव्हा माझ्या हातात वही होती आणि मला काही लिहायचं सुचत नव्हतं. समोरच्या बाजूला, बॉयलरच्या तोंडाजवळ, हातभर लांबीचा एक केशरी उंचवटा होता.

"थे त्याचं कपाळ," मिस्त्री म्हणाले.

त्या केशरी थराखाली पितळेची पट्टी होती. बनवणाऱ्याचं नाव आणि साल अशा पट्टीवरच असतं. पण दर दसऱ्याला जिनातले कामगार इंजिनाची पूजा करायचे, आणि शेंदूर लावायचा तो कपाळालाच. तेलात कालवलेला शेंदूर वर्षानुवर्षं थरावर थर चढून त्याचं बोटभर जाड कवच झालं होतं. इंजिन बंद पडल्यावरही पूजा थांबली नव्हती.

मालकांना इंजिनाबद्दल काहीच माहीत नव्हतं. आजोबांनी घेतलं, एवढंच. कागद होते ते वाळवीनं संपवलेले. जिनात ते वापरलं असं पत्र मात्र त्यांनी लगेच सही करून दिलं, म्हणजे गाव मिळालं. राहिले नाव आणि काळ. मिस्त्रींना विचारलं तर पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलं की इंजिन लंडनहून आलं. दुसऱ्या भेटीत ते जर्मनीचं झालं. इंजिन आमच्याकडे हलवलं त्या दिवशी तर त्यांनी जमलेल्या पोरांना ठासून सांगितलं की एका बुडालेल्या आगबोटीतून ते काढलं होतं.

"मिस्त्री, खरं कोणतं?"

"खरं कोन्तंबी असो ना. तिन्ही जागी बायेरूनच आलं."

हलवण्याची कथा मी लांबवत नाही. लाकडी ओंडके, चेन-पुली, एक ट्रक, आणि सगळ्यांच्या वर मिस्त्रींचा आवाज. पावसाच्या आत ते आमच्या आवारातल्या नव्या पत्र्याच्या शेडखाली आलं. तात्पुरत्या यादीत मी त्याची नोंद केली. समितीनं मला माझाच नियम वाचून दाखवला. वर्षभरात दुसरा पुरावा नाही मिळाला तर भंगारवाल्याला निरोप जाईल.

"नियमाला इंजिन आणि कंदील सारखेच," भाऊ म्हणाले. हेही बरोबर होतं.

पुरावा कुठे आहे हे मला माहीत होतं. शेंदराच्या खाली. मारुतीच्या अंगावरचं शेंदराचं कवच कधी कधी आपोआप निखळतं आणि आतली मूळ मूर्ती स्वच्छ दिसते, तसं काहीतरी व्हावं अशी माझी आशा होती. पण घाई करायची नव्हती. पितळ मऊ असतं, आणि ही अक्षरं शेंदूर लागायच्या आधीच पुसून पुसून झिजलेली असणार. म्हणून मी नागपूरच्या एका जाणकारांना पत्र पाठवलं. उत्तर आलं, प्रत्यक्ष भेटा. भेटायला गेले तर ते दौऱ्यावर. पुन्हा पत्र, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा दौरा. असं करत वर्ष सरत आलं. दरम्यान मी पट्टीवर फडकं बांधलं आणि शेजारी पाटी लावली: 'हात लावू नये.'

शेवटी एका शुक्रवारी त्यांनी वेळ दिली. मी नागपूरला बहिणीकडे राहिले, शनिवारी त्यांना भेटले. त्यांनी नीट समजावून सांगितलं: कोमट अळशीच्या तेलाच्या घड्या ठेवायच्या, दोन-तीन दिवस धीर धरायचा, मग बांबूच्या कामटीनं हळूहळू सोडवायचं, लोखंडाचं काही लावायचं नाही. मी सगळं क्रमवार लिहून घेतलं. समितीची बैठक पुढच्या शनिवारी होती. म्हणजे मला पूर्ण आठवडा होता.

सोमवारी सकाळी शेडमध्ये गेले तर मिस्त्री तिथे उभे होते. नवं धोतर, कमरेवर हात.

"आल्या बाई! या, या. आता पाहा, तोंड दिसते का नाई?"

पट्टीवर फडकं नव्हतं. शेंदूर नव्हता. पितळ आरशासारखं चमकत होतं आणि त्यात माझा चेहरा दिसत होता, जरा पिवळा, जरा रुंद. अक्षर एकही नव्हतं. मी बोट फिरवलं. गुळगुळीत.

"हे कुणी केलं?"

"म्याच केलं ना! शनिवारी तुमचं शरमदान रायते ना, त्याच्यासाठी आर्वीवरून आलो. पयले खुरप्यानं थो शेंदूर काढला. मंग कानस मारली, खरबड लागून राह्यलं होतं. मंग पालिश पेपर. अन् तुमच्या लोकायनं चिंच अन् विटेची पूड लावली. भाऊनं बी हात लावला."

"पाटी नाही दिसली? 'हात लावू नये'?"

"दिसली ना. थे तं पाहुन्यायसाठी हाय. मी काय पाहुना हाव?"

रागात माझी भाषा घरची होते. "मिस्त्री, थे खरबड म्हंजे नाव होतं! अन् साल! तेवढ्यासाठी म्या बारा महिने थांबली, अन् तुमी कानस मारली त्याच्यावर? काऊन मारली?"

"बैठक हाय म्हने. मोठे लोक येनार. तुमी इंजनाले असं मळक्या तोंडानं उभं करनार होत्या काय?"

मग बहुधा माझा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं. ते पट्टीकडे बघू लागले, मग माझ्याकडे, मग पुन्हा पट्टीकडे. जिच्यामुळे इंजिन भंगारात जाणार नव्हतं ती एकच गोष्ट, आणि इंजिनासाठी सगळ्यात जास्त धावलेल्या माणसानंच ती घासून काढली होती. ओरडायचं तरी कुणावर? चिंच तर आम्हीच पुरवली होती. मी तिथेच ओंडक्यावर बसले.

मग विचारलं, "तो काढलेला शेंदूर कुठे टाकला?"

चौकीदारानं हात केला. खतखड्ड्यात. आमच्याकडे काहीच वाया जात नसे. श्रमदानातला सगळा कचरा, पाला, शेण, राख, एकेका थरानं त्याच खड्ड्यात जायचं, आणि शनिवारनंतर वर शेणाचा थर पडला होता.

मी पदर खोचला. चौकीदार, मिस्त्री आणि मी, तिघांनी फावडं न वापरता हातांनी थर बाजूला केले. वास काय असेल ते सांगत नाही. केशरी दिसेल तो तुकडा सुपात घेतला. बहुतेक भुगाच होता. काही तुकडे मात्र बिस्किटाएवढे निघाले, आणि त्यांची एक बाजू सपाट होती, पितळाला चिकटलेली. ते पाण्यात हलकेच बुडवून आम्ही शेडमध्ये आणले. सपाट बाजूवर खळगे होते, वाकडेतिकडे. मला त्यांतून काही वाचता येईना. उजेडात धरलं, तिरपं धरलं, डोळ्यांचं पाणी पुसून बघितलं. सगळं उलटं.

मिस्त्री मात्र गप्प बसायला तयार नव्हते. त्यांनी चौकीदाराकडून खळ मागवली होती.

"काय करता?"

"चिटकवतो ना परत. जसं होतं तसं करून देतो."

"अहो, परत चिकटवून काय…"

ते एक तुकडा पट्टीजवळ नेत होते. चकाकत्या पितळात त्या तुकड्याची प्रतिमा पडली आणि मी ओरडले, "थांबा! तसाच धरा. हलू नका!"

प्रतिमेत आकडे सरळ दिसत होते. एक आणि आठ. त्यापुढे तुकडा मोडलेला. शेंदराच्या आत अक्षरांचा उलटा ठसा राहिला होता, आणि मिस्त्रींनी घासून केलेल्या आरशात तो सुलटा होत होता. मग आम्ही एकेक तुकडा तसाच धरून पाहिला. फक्त आणखी एकावर काही वाचता आलं. इंग्रजीत 'अँड सन्स'.

"काय लिवलं बाई?"

"आणि मुलगे."

"कोनाचे?"

"तेच तर नाही ना मिस्त्री. बाप खतात गेला."

त्या दिवशी पहिल्यांदा मी हसले, पण ते हसू काही फार वेळ टिकलं नाही. एक आणि आठ म्हणजे अठराशे काहीतरी, असं मी धरत होते. समिती धरेल का?

शनिवारी श्रमदानानंतर बैठक शेडमध्येच झाली. मी तुकडे कापसावर ठेवून आणले होते. सांगितलं काय काय झालं ते, कुणाचंही नाव न घेता. मिस्त्री मागे भिंतीला टेकून उभे होते, डोक्याचा टॉवेल हातात.

संत्र्याच्या बगीच्याच्या सदस्यांनी तुकडा निरखला. "अठरा म्हंजे अठराशेच कशावरून? अठरा नंबरचं इंजन असन."

"अठराच्या पुढे आणखी दोन आकड्यांची जागा होती. इथे बघा, मोडलेल्या कडेला तिसऱ्या आकड्याचा बाक दिसतोय."

"बाक तं माह्या नातीच्या वहीतबी दिसते."

"तुमच्याकडे दुसरा पुरावा असेल तर सांगा. पेट्रोलच्या टाकीवर दोन मोर होते, तोही पुरावाच होता."

त्यांनी तुकडा परत कापसावर ठेवला. मला ते बोलायला नको होतं असं काही वाटलं नाही.

भाऊ उठले. त्यांनी तुकडा हातात घेतला, वाकून पट्टीसमोर धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. त्या पितळात त्यांचाही चेहरा दिसत असणार. चिंच लावणाऱ्या हातांत त्यांचेही हात होते.

"गाव पत्रानं सिद्ध आहे," ते शेवटी म्हणाले. "काळ या तुकड्यानं. अर्धा असला तरी शतक कळतं. नियम पुरा झाला. मला हे यंत्र आवडत नाही, पण तो वेगळा विषय. कायम नोंदीत घ्या."

मिस्त्रींनी टॉवेल डोक्याला बांधला.

"एक अट," भाऊ म्हणाले. "लेबलावर लिहा की याच्यामुळे रेच्या बंद पडल्या."

"किती बंद पडल्या ते कुणाला माहीत आहे?"

"किती ते लिहू नका. बंद पडल्या एवढं लिहा."

तसं लिहिलं. नाव या रकान्यात मी लिहिलं: 'अज्ञात, आणि मुलगे'. माझ्या सगळ्या नोंदवह्यांमध्ये इतकी विचित्र नोंद दुसरी नाही. सहलीतली मुलं ती वाचून हसतात, मग मला त्यांना समजावून सांगत बसावं लागतं, आणि रेचीचं कारण विचारायचं राहूनच जातं.

दसऱ्याला मिस्त्री एसटीनं आले. पिशवीत नारळ, झेंडूची फुलं आणि पुडीत शेंदूर.

"पट्टीला लावायचा नाही," मी बजावलं. "चाकाला लावा. चाक मोठं आहे."

"चाक म्हंजे पाय. पायाले कोनी कुंकू लावते काय?"

मी ऑफिसात गेले तेवढ्यात त्यांनी लावलाच. पुढच्या वर्षी पुन्हा. त्यानंतर मी सांगणं सोडलं. कारण विचाराल तर खाली आता राखायला काही उरलं नव्हतं, आणि बाकी कामं भरपूर होती. मिस्त्रींना गुडघ्यानं प्रवास जमेना तेव्हा त्यांचा जावई पुडी घेऊन यायला लागला. तोही कपाळालाच लावतो.

मध्यंतरी, ऐंशीचं दशक अर्ध्याहून जास्त सरलं होतं तेव्हा, सरकारी पाहणीसाठी एक तरुण अधिकारी आले. हुशार, उत्साही, खिशाला दोन पेनं. पेट्रोलच्या हिरव्या इंजिनापुढून ते न थांबता गेले. वाफेच्या इंजिनापाशी मात्र थबकले, खाली वाकले आणि शेंदराच्या थरावर नखानं हलकेच टकटक केलं.

"मॅडम, याच्याखाली नक्की पितळेची पट्टी आहे. तुमच्या लक्षात आलंय का? नाव, साल सगळं मिळेल. फक्त घाई करू नका. कोमट अळशीचं तेल आणि बांबूची कामटी. लोखंड अजिबात नको."

"हो," मी म्हटलं, आणि नोंदवही आणायला ऑफिसात गेले.

परत आले तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढलं होतं आणि त्याच्या टोकानं ते शेंदराची कड उचकटून बघत होते.

"हात लावू नये," मी म्हणाले. "पाटी वाचा."